वृद्धांचें स्नान आणि वर-खालीं होणारें आसन

न्हाणीघरांतील गोष्टी चारचौघांत बोलूं नयेत असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. तो वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच्या आड घरांतील वडीलधाऱ्या माणसांची एक मोठी अडचण वर्षानुवर्षें लपून राहते, हें आम्हीं गेल्या हिवाळ्यांत प्रत्यक्ष पाहिलें. म्हणूनच या विषयावर लिहिण्याचें धाडस करीत आहों.

लंडनच्या वायव्येकडील एका उपनगरांत आमच्या मावशी राहतात. त्यांचे यजमान डॉक्टर होते. १९६९ सालीं ते तिकडील सरकारी आरोग्यखात्यांत नोकरीस गेले, आणि तेव्हांपासून त्यांचें घर तेथेंच झालें. यजमान जाऊन आतां बरींच वर्षें लोटलीं. मावशींचें वय ८६. मुलगा, सून आणि कॉलेजांत जाणारा नातू असें एकत्र कुटुंब आहे. माजघराच्या जागीं तेथें बैठकीची खोली असते. तिच्या कोपऱ्यांत सांगलीहून नेलेला लांकडी देव्हारा आहे. सकाळीं स्नान करून मावशींनीं पूजा करावयाची, हा नेम बर्फ पडो वा पाऊस पडो, कधीं चुकला नव्हता.

मागील वर्षीं एके दिवशीं मावशींनीं पूजा नातवाकडे सोंपविली. “आतां त्यानंच शिकायला हवं,” एवढेंच त्या म्हणाल्या. घरांत सर्वांना कौतुक वाटलें. पुढें दोन-तीन आठवड्यांनीं आमच्या वहिनींच्या, म्हणजे मावशींच्या सूनबाईंच्या, लक्षांत आलें कीं सासूबाईंचा पंचा सकाळीं कोरडाच असतो आणि साबणाची वडी झिजत नाहीं. त्यांनीं विचारलें तेव्हां मावशी रागावल्या. आणखी चार दिवसांनीं मात्र त्यांनीं आपण होऊन सांगितलें. एके दुपारीं घरांत कोणी नसतांना त्या टबांत बसल्या आणि त्यांना उठतांच येईना. पाणी निवत गेलें. हांक मारली तरी ऐकणार कोण? शेवटीं पायाच्या अंगठ्यानें बूच काढून, पंचा खालीं घेऊन, कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन त्या कशाबशा बाहेर पडल्या. या खटाटोपांत दीड तास गेला. त्या दिवसापासून त्या ओल्या फडक्यानें अंग पुसून घेत होत्या. “नुसतं अंग पुसून देवाला हात कसा लावायचा, सांग बरं?” पूजा नातवाकडे गेल्याचें कारण हें होतें.

“मग मला कां नाहीं सांगितलंत, आई? मी घातली असती आंघोळ,” असें वहिनी म्हणाल्या. मावशींनीं आपल्या सासूबाईंना तीन वर्षें न्हाऊं घातलें होतें. “म्हणूनच नाहीं सांगितलं,” असें त्यांनीं उत्तर दिलें. यावर आम्हीं भाष्य करण्याची आवश्यकता नाहीं.

इंग्लंडांतील सामान्य घरांत एकच न्हाणीघर असतें व त्यांत टब असतो. त्याची कड जमिनीपासून सुमारें ५५ सेंटिमीटर उंच, तळ गुळगुळीत, आणि धरावयास आधार कांहीं नाहीं. ज्याचे गुडघे धरलेले आहेत त्याला त्यांत उतरणें कठीण, आणि उठणें त्याहून कठीण. तेथें यावर दोन उपाय करतात. एक म्हणजे टब काढून टाकून जमिनीच्या पातळीवर, उंबरा नसलेली फवाऱ्याची जागा करणें. पैसा व जागा असेल, आणि विशेषतः ज्यांना पाय उचलून कडेपलीकडे टाकतां येत नाहीं त्यांच्यासाठीं, हा उपाय श्रेष्ठ असें आमचें मत आहे. दुसरा उपाय म्हणजे टबांत बसवावयाचें, विजेवर वर-खालीं होणारें आसन. मावशींना गुडघ्यांच्या दुखण्यावर कोमट पाण्यांत बसण्यानें आराम पडतो, आणि कोणीं थोडा हात दिला तर पाय उचलतां येतात. म्हणून त्यांच्याकडे आसन आलें.

पण तें थेट दुकानांतून आलें नाहीं. प्रथम स्थानिक कौन्सिलकडून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई आल्या. इंग्लंडांत २०१४ च्या केअर ॲक्टनुसार, तपासणीत गरज ठरल्यास अशीं साधनें आणि हजार पौंडांपर्यंतच्या किरकोळ फेरफारांचा खर्च रहिवाशाला पडत नाहीं. बाईंनीं मावशींना खुर्चीवरून उठावयास व बसावयास लावलें, पाय किती उचलतो तें पाहिलें, वजन विचारलें. मग टबाचें माप घेतलें. बाहेरचें नव्हे, आंतल्या सपाट तळाचें. आसनाखालीं रबराच्या चार वाट्या असतात व त्या हवा दाबून तळाला चिकटतात. सपाट जागा पुरेशी रुंद नसेल, तळावर न घसरण्यासाठीं मुद्दाम खडबडीत नक्षी केलेली असेल, किंवा जुन्या बिडाच्या टबावरचें मिन्याचें काम झिजलें असेल, तर त्या वाट्या धरत नाहींत. अशा टबांत हें आसन बसवूं नये. वजनाचीहि मर्यादा असते. बहुतेक आसनें सुमारें १३५ ते १४० किलोपर्यंत भार उचलतात, पण ज्याचा त्याचा आंकडा यंत्रावर छापलेला असतो; तोच प्रमाण मानावा.

यंत्राची रचना साधी आहे. पाठ टेकावयाची फळी, बसावयाची फळी, आणि तिच्या दोन बाजूंस टबाच्या कडांवर टेकणाऱ्या पंखासारख्या दोन झडपा. खालीं कात्रीसारखी उघडमीट करणारी चौकट व मोटार. आसन वर असतांना बसावयाची फळी टबाच्या कडेच्या जवळपास येते. खालीं गेलें कीं तळापासून सहा-सात सेंटिमीटरच उरतात. बॅटरी हातांत धरावयाच्या, दोन बटणांच्या ठोकळ्यांत आहे. ती अगदीं कमी दाबाची असल्यामुळें घरगुती २३० व्होल्टची वीज टबाजवळ येतच नाहीं. चार्ज करण्यासाठीं ठोकळा काढून झोंपण्याच्या खोलींत नेतात. तिकडील नियमांप्रमाणें टबापासून अडीच मीटरांच्या आंत नेहमींचें प्लगचें सॉकेट बसवितांच येत नाहीं, आणि शिवाय सबंध न्हाणीघराच्या विजेवर, ३० मिलिअँपिअर एवढी गळती होतांच प्रवाह तोडणारें साधन असावें लागतें. आपल्याकडे वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. तें आपल्या मीटरच्या पेटींत आहे कीं नाहीं हें, लेख वाचून झाल्यावर नव्हे, आतांच उठून पाहण्यास हरकत नाहीं. त्यावर ‘टी’ अक्षराचें एक बटण असतें. तें दाबल्यावर वीज जावयास पाहिजे. न गेल्यास वायरमनास बोलवावें.

पहिल्या दिवशीं घरांत उत्सवाचें वातावरण होतें. नातवानें हौसेनें ठोकळा हातांत घेतला व आजी नीट सांवरून बसण्यापूर्वींच खालचें बटण दाबलें. मावशी ओरडल्या, आसन जागच्या जागीं थांबलें, कारण बटण सोडलें कीं तें थांबतेंच. कांहीं इजा झाली नाहीं. पण त्या दिवसापासून असा नियम झाला कीं ठोकळा जो बसला असेल त्याच्याच हातांत राहील. आमच्या दृष्टीनें या सबंध व्यवस्थेंतील महत्त्वाचा नियम हाच. उठणें-बसणें दुसऱ्याच्या हातीं गेलें म्हणूनच तर मावशींनीं स्नान सोडलें होतें.

बसण्याची रीतहि शिकावी लागते. टबाकडे पाठ करून आधीं झडपेवर टेकावयाचें, मग सरकत सरकत मधल्या फळीवर यावयाचें, आणि मग एक पाय, त्यानंतर दुसरा पाय आंत घ्यावयाचा. उभ्यानें पाय टाकून आंत शिरावयाचें नाहीं. खालीं जातांना हात मांडीवर. कडेवर हात ठेवला तर झडप मिटतांना बोटें चेंगरतात. मोकळे केस, गाऊनचा बंद, पंचाचें टोंक हीं कात्रीच्या चौकटींत अडकूं शकतात. म्हणून मावशी आतां अंबाडा घालूनच बसतात. आसनाखालीं रबराची चटई कधींच घालूं नये. घसरूं नये म्हणून आमच्या मावसबंधूंनीं एकदां ती घातली. वाट्या टबाऐवजीं चटईला चिकटल्या, आणि मावशी बसण्यापूर्वीं सवयीनें हिसका देऊन पाहिला तेव्हां सबंध आसन हातांत आलें. रोज बसण्यापूर्वीं तो हिसका द्यावयाचाच.

एके सकाळीं आसन खालीं जाईना. वर जाई, पण खालीं मुळींच नाहीं. यंत्र बिघडलें म्हणून सारे हळहळले. पुस्तिका वाचल्यावर उलगडा झाला. बॅटरींत परत वर आणण्याइतकी शक्ति शिल्लक नसेल तर आसन खालीं जाण्याचेंच नाकारतें. ठोकळा आदल्या रात्रीं चार्जला लावावयाचा राहिला होता. मावशी खूष झाल्या. “परतीची सोय असल्याशिवाय निघायचं नाहीं हें त्याला कळतं,” असें म्हणून त्यांनीं यंत्राला नवीन मान दिला. तरीहि खालीं असतांना यंत्र अडलेंच, तर काय करावें हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. आधीं बूच काढून पाणी सोडावें, अंगावर कोरडा पंचा व शाल द्यावी, आणि मदत येईपर्यंत धीर धरावा. कांखेंत हात घालून वृद्ध माणसास ओढूं नये. त्यांत खांदाहि निखळतो व ओढणाऱ्याची कंबरहि जाते. बूच साखळीचें असेल तर साखळी बसलेल्या माणसाच्या हाताशीं येईल अशी ठेवावी.

पाण्याच्या उष्णतेबद्दल आपण फार निष्काळजी असतों. ६० अंश सेल्सिअसचें पाणी अंगावर पडलें तर पांचेक सेकंदांत गंभीर भाजतें, आणि वृद्धांची पातळ त्वचा त्याहूनहि लवकर भाजते. दुसऱ्या बाजूनें, सांठवणीचें पाणी त्याहून थंड ठेवलें तर टाकींत रोगजंतु वाढण्याचें भय. म्हणून इंग्लंडांत टाकींत पाणी ६० अंशांवर ठेवतात, पण नळाच्या तोंडाशीं मिसळणारी झडप बसवितात. आणि वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणीं टबांत येणारें पाणी ४४ अंशांपेक्षां अधिक असूं नये असा दंडक आहे. ती कमाल मर्यादा झाली, स्नानाची उष्णता नव्हे. जपानांत टबांत बसण्याची चाल जुनी, आणि हिवाळ्यांत टबांतच वृद्ध दगावण्याच्या घटनाहि तेथें फार. म्हणून तेथील सरकारचें ग्राहकखातें ४१ अंशांपर्यंतचें पाणी आणि दहा मिनिटांपर्यंतचा वेळ असा सल्ला देतें. थंडगार खोलींतून एकदम ऊन पाण्यांत, आणि ऊन पाण्यांतून एकदम उभें, या दोन्हींत रक्तदाब झपाट्यानें बदलतो. दाबाच्या गोळ्या चालूं असतील तर भोंवळ येणें साहजिक आहे. मावशींच्या घरीं आधीं थंड पाणी, मग ऊन, असा क्रम असतो. तापमापक घालून ३८-३९ अंश झाल्यावरच त्या खालीं जातात. आसन वर आल्यावर दोन मिनिटें तशाच बसून राहतात, आणि पाय बाहेर घेतल्यावर पुन्हां एक मिनिट.

आतां एक शंका वाचकांच्या मनांत आलीच असेल. आपल्याच अंगाचा मळ ज्यांत उतरला त्या पाण्यांत बसणें, यास स्नान म्हणावें काय? मावशींनाहि हें पंचावन्न वर्षांत पटलेलें नाहीं. त्यावर त्यांनींच तोड काढली. आसन वरच ठेवून त्या प्रथम हातांतल्या फवाऱ्यानें साबण लावून अंग धुतात. तें पाणी वाहून जातें. मग टब भरून दहा मिनिटें गुडघे शेकतात. आसन वर आल्यावर जवळच्या बादलींतून दोन तांबे स्वच्छ पाणी डोक्यावरून घेतात. शास्त्र आणि यंत्र दोहोंचेंहि समाधान होतें.

दिवाळींत मात्र प्रसंग आला असता. नरकचतुर्दशीस सर्वांगास तेल लावून मावशी आसनावर बसणार होत्या. वहिनींनीं वेळींच थांबविलें. तेलानें फळी निसरडी होते, आणि टबाच्या तळावर उतरलेला तेलाचा पातळ थर रबराच्या वाट्यांना धरूं देत नाहीं. म्हणजे आजचें अभ्यंग उद्यांच्या पडण्याला कारण. शिवाय उटण्याचा व शिकेकाईचा चोथा चौकटीच्या सांध्यांत बसतो. शेवटीं असें ठरलें कीं तेल आपल्या खोलींत, खुर्चीवर बसून चोळावयाचें व पंचानें टिपून घ्यावयाचें. पायांच्या तळव्यांना तर लावावयाचेंच नाहीं. उटणें मलमलीच्या पुरचुंडींत बांधावयाचें. आणि स्नान झाल्यावर आसन उचलून काढून टब व वाट्या भांडीं घासण्याच्या साबणानें स्वच्छ धुवावयाच्या. आसन दोन भागांत सुटतें, त्यामुळें एकट्या माणसासहि हें काम जमतें. संस्थांमधून वापरलीं जाणारीं माणसें उचलण्याचीं यंत्रें इंग्लंडांत १९९८ च्या नियमांप्रमाणें दर सहा महिन्यांनीं जाणकाराकडून तपासून घ्यावीं लागतात. स्वतः विकत घेऊन घरीं वापरलेल्या आसनास तें बंधन नाहीं. तरी वाट्यांचें रबर कडक झालें आहे काय, फळीला तडा आहे काय, हें आठवड्याला पाहणें कांहीं कठीण नाहीं.

परत पुण्यास आल्यावर स्नेह्यांपैकीं दोघांनीं आम्हांस विचारलें कीं असें आसन येथें मागवावें काय, आणि त्यासाठीं टब बसवावा काय. आमचें उत्तर स्पष्ट नकाराचें आहे. ज्यांच्या घरीं टब आहेच त्यांनीं अवश्य विचार करावा. पण आसनासाठीं टब आणणें म्हणजे काठीसाठीं पाय मोडून घेण्यासारखें आहे. हिशेब पाहा. टबांत दीडशे लिटर पाणी, म्हणजे आपल्या आठ-नऊ बादल्या. २५ लिटरांच्या गिझरमधील ६० अंशांचें पाणी २० अंशांच्या पाण्यांत समप्रमाणांत मिसळलें तर ४० अंशांचें ५० लिटर होतें. एक टब भरावयास गिझर तीन वेळां तापवावा लागेल. वजनाची गोष्ट तर अधिक गंभीर. दीडशे किलो पाणी, साठ किलोंचा माणूस, टब व आसन मिळून चाळीस. हा अडीचशे किलोंचा भार सव्वा चौरस मीटरांहून कमी जागेवर येतो. भारतीय मानकांत न्हाणीघराच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारें दोनशे किलो असा भार धरलेला असतो. नव्या इमारतींतहि इंजिनियरास विचारल्यावांचून हें करूं नये; जुन्या वाड्यांतल्या लांकडी तुळयांवर तर त्याचा विचारहि नको.

आपल्या न्हाणीघरांत कडेवरून पाय टाकावा लागत नाहीं, ही केवढी सोय आहे याची जाणीव आम्हांस लंडनला गेल्यावर झाली! आपली अडचण निराळी आहे. पाट अगदीं खालीं असतो, फरशी चकचकीत असते, गिझरचें पाणी उकळतें असतें, आणि दार आंत उघडतें. या शेवटच्या गोष्टीकडे कोणाचेंच लक्ष नसतें. आंत पडलेला माणूस दारालाच आडवा येतो, आणि बाहेरच्यांना दार लोटतां येत नाहीं.

आमचे वडील ८८ वर्षांचे आहेत. परतल्यावर आठच दिवसांत आम्हीं सुतारास बोलावून न्हाणीघराचें दार बाहेर उघडणारें करून घेतलें, आणि आंतली कडी काढून बाहेरूनहि उघडतां येईल असें कुलूप बसविलें. भिंतींत दोन दांडे बसविले. पंचे टांगावयाचा दांडा आधारास उपयोगाचा नव्हे. तो अंगाचा भार येतांच भिंतींतून सुटतो. हे दांडे पक्क्या विटांत खोलवर बोल्ट मारून बसविले आहेत, आणि बसविल्यावर आमच्या धाकट्या चिरंजिवांनीं त्यांना लोंबकळून परीक्षा घेतली. पाटाच्या जागीं पायांना रबर लावलेली, पाठ व हात असलेली, ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची आली. गिझरच्या नळाला पाणी मिसळणारी झडप बसविली, आणि बादलींत सोडावयाची हीटरची कांडी भंगारांत टाकली.

नानांनीं दोन दिवस कुरकुर केली. खुर्चीवर बसून केलेलें स्नान त्यांना मानवेना. पाटावर बसल्यावांचून अंगावर पाणी पडल्यासारखें वाटत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. शेवटीं तो जुना पाट आम्हीं खुर्चीसमोर, पाय ठेवण्यासाठीं, खालीं रबर ठोकून ठेवला आहे. लंडनहून मागील आठवड्यांत मावशींचा फोन आला होता. नातवाला सबंध पूजा आतां पाठ झाली आहे, पण रोजची पूजा पुन्हां त्या स्वतःच करतात. त्याला एकादशीस पाळी मिळते.